ओटीजी गरम होत नाही? रॉड विकत आणण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

दिवाळीच्या आधीचा आठवडा. नानखटाईचं पीठ मळून ठेवलेलं असतं आणि ओटीजीचा, म्हणजे तापणाऱ्या रॉडवर चालणाऱ्या टेबलावरच्या ओव्हनचा, वरचा रॉड लाल होत नाही. मग घरातलं कुणीतरी इंदूरच्या महाराणी रोडवर, सुट्या भागांच्या दुकानांकडे जातं, जुना रॉड न नेताच "ओटीजीचा रॉड द्या" म्हणतं, मिळेल तो घेऊन येतं, बसवतं. ओव्हन थंडच राहतो, किंवा तीन आठवडे चालून पुन्हा बंद पडतो. आमच्या रामबागेत ओळखीतले ओटीजी माझ्याकडे येतात ते बहुतेक याच अवस्थेत, नव्या रॉडसकट.

मी घरून केक आणि ब्रेडच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझा ओव्हन बंद पडून चालत नाही. गेल्या काही वर्षांत माझे आणि शेजारपाजारचे मिळून बरेच ओटीजी मी स्वतः उघडले. त्यात रॉड खरोखर गेलेले थोडेच होते. जास्त वेळा गेलेला असतो तो रॉडच्या टोकावरचा जळका लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची जोडणी), सैल टायमर, नाहीतर भिंतीतलं सॉकेट. म्हणून या लेखात खरेदीचा टप्पा मुद्दाम उशिरा येतो. मोजल्याशिवाय काहीही विकत आणायचं नाही.

आधी ठरवा: तुमचा ओव्हन घरी उघडण्याजोगा आहे का?

हा लेख फक्त रॉडवर चालणाऱ्या, गोल नॉब असलेल्या आणि प्लग काढता येणाऱ्या ओटीजीसाठी आहे.

मायक्रोवेव्ह उघडू नका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हसुद्धा नाही. त्याच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा भार धरून ठेवू शकतो, आणि त्याला हात लागला तर जीव जातो. ओटीजीत असा कपॅसिटर नसतो, म्हणून तो प्लग काढल्यावर उघडता येतो. बाहेरून दोन्ही डबे सारखे दिसतात, त्यामुळे लोक फसतात. वाटीत पाणी ठेवून एका मिनिटात गरम होत असेल तर तो मायक्रोवेव्ह आहे, तिथेच थांबा.

गॅसवरचा ओव्हन, भिंतीत बसवून थेट वायरिंगला जोडलेला ओव्हन, स्पर्शाची बटणं आणि सर्किट बोर्ड असलेला ओव्हन, किंवा काच तडकलेला ओव्हन हेही कारागिराकडेच न्या. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीला कळवा. एकदा स्क्रू फिरवला की वॉरंटी सहसा संपते.

तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर हवा, आणि तो नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे करंट आहे एवढंच कळतं, रॉड धड आहे की नाही हे टेस्टर सांगू शकत नाही. त्याशिवाय दोन मापांचे फुलीचे पेचकस, नाकदार पक्कड, वायर सोलायचं कटर, लग दाबायची क्रिम्पिंग पक्कड, बारीक पॉलिश पेपर, जाड हातमोजे आणि मास्क. काही ओव्हनचे मागचे स्क्रू तारेच्या आकाराच्या खाचेचे असतात, त्याचा बिट वेगळा लागतो. तो नसताना साध्या पेचकसने खाच खराब केली की पुढे ड्रिल लावण्याशिवाय मार्ग राहत नाही.

अंडी ठेवायचा कागदी ट्रे जवळ घ्या. प्रत्येक बाजूचे स्क्रू वेगळ्या खळग्यात टाका. मागचे, तळाचे आणि बाजूचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो आतली वायर सोलतो.

जागा टेबलाची, उजेडाची आणि कोरडी. ओव्हन वापरून झाल्यावर किमान दोन तास थंड होऊ द्या. आणि प्लग? तो काढून ओव्हनच्या वर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या घरांत स्विच कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो.

टप्पा १: पेचकस न उचलता

पहिल्यांदा टायमर. बहुतेक ओटीजीमध्ये टायमर शून्यावर असेल तर बाकीचे नॉब कुठेही असले तरी ओव्हन सुरूच होत नाही. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा असेल तर नॉब आधी वीसपर्यंत फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर आतली स्प्रिंग भरत नाही. मग फंक्शनचा नॉब. "फक्त खालचा रॉड" असा लावलेला असताना वरचा लाल होत नाही म्हणून ओव्हन माझ्याकडे आणलेलाही मी पाहिला आहे. त्यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाचा नॉब, सगळ्यात वरच्या आकड्यावर फिरवा. फिरवताना कुठेतरी बारीकसा "टक्" ऐकू यायला हवा.

मग सॉकेट. त्यात मोबाइलचा चार्जर लावून "करंट येतोय" म्हणू नका. चार्जरला इतका कमी करंट लागतो की सैल, काळ्या पडलेल्या सॉकेटवरही तो चालतो. तिथे इस्त्री लावा आणि पाच मिनिटं चालू ठेवा. इस्त्री तापली आणि प्लग फारसा गरम झाला नाही तर सॉकेट ठीक.

हिशेब सोपा आहे: वॉटला २३० ने भागा. १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा अँपियर घेतो, २००० वॉटचा ८.७. म्हणजे ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटला १५०० वॉटचा ओव्हनही झेपत नाही. मोठ्या पिनचा प्लग कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये खुपसलेला असेल तर बिघाड तिथूनच सुरू झालाय असं समजा. ओव्हन १६ अँपियरच्या पॉवर सॉकेटवरच चालवायचा.

आणखी एक गोष्ट. ओव्हन चालतो पण केक तासभर होत नाही, आणि हे फक्त संध्याकाळी किंवा मे महिन्यात, गल्लीतले सगळे कूलर-एसी सुरू असताना होतं, तर व्होल्टेज बघा. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं की १५०० वॉटचा ओव्हन जेमतेम ११३० वॉट देतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. सॉकेटमध्ये खोचून व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो लावून पाहा. मल्टिमीटरच्या उघड्या सुया चालू सॉकेटमध्ये घालायची सवय नसेल तर घालू नका.

*तपासणी: इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच पुढे जा. बरेच ओव्हन याच टप्प्यावर सुरू होतात.*

टप्पा २: लक्षण लिहून काढा

कागदावर लिहा, आठवणीवर ठेवू नका. दिवा लागतो का? वरचे रॉड, खालचे रॉड, की एकही नाही? बंद पडण्याआधी वास आला का, एमसीबी (घरच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडला का, दारावर झिणझिण्या आल्या का?

दिवा लागत नाही आणि रॉडही नाही, तर दोष कॉर्ड, टायमर किंवा थर्मल फ्यूजकडे (ओव्हन अति तापला की करंट तोडणारा फ्यूज). दिवा लागतो पण फक्त वरची किंवा खालची बाजू थंड असेल, तर फंक्शनचा स्विच, लग किंवा रॉड. सगळं तापतं पण थांबतच नाही, तर थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, आणि हा ओव्हन त्या क्षणापासून वापरायचा नाही, "फक्त आजच्या दिवस" म्हणूनसुद्धा नाही.

टप्पा ३: न उघडता, प्लगच्या पिनांवरून मोजणं

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि अर्धं निदान याच दोन मिनिटांत होतं.

प्लग हातात. टायमर ३० मिनिटांवर, थर्मोस्टॅट सगळ्यात वर, फंक्शन "दोन्ही रॉड"वर. मीटर २०० ओहमवर ठेवा आणि आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून शून्याजवळचा आकडा येतोय ना ते बघा. मग सुया प्लगच्या फेज आणि न्यूट्रल, म्हणजे दोन बारीक पिनांना लावा.

किती यायला हवं? ५२,९०० ला ओव्हनच्या वॉटने भागा (२३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००). १००० वॉटला साधारण ५३ ओहम, १२०० ला ४४, १५०० ला ३५, २००० ला २६. थंड रॉडचं वाचन यापेक्षा थोडं कमी येतं, त्याची काळजी नको.

आकडा जुळला तर आतली वाट अखंड आहे. साधारण दुप्पट आला तर वरची किंवा खालची, कोणतीतरी एक बाजू तुटली आहे. काहीच आलं नाही तर वाट पूर्ण तुटली आहे. शून्याच्या आसपास आलं तर शॉर्ट आहे आणि तो ओव्हन चुकूनही सॉकेटला लावू नका.

आता मीटर २० मेगओहमवर. एक सुई जाड अर्थ पिनेला, दुसरी आधी फेजला, मग न्यूट्रलला. इथे मीटरने काहीच वाचन दाखवू नये. दोन मेगओहमच्या खाली काही दिसलं तर करंट बॉडीकडे गळतोय. त्याबद्दल नवव्या टप्प्यात.

शेवटी परत २०० ओहमवर येऊन एक सुई अर्थ पिनेला आणि दुसरी ओव्हनच्या मागच्या एखाद्या उघड्या स्क्रूला. एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. जास्त आलं किंवा काहीच आलं नाही तर अर्थची वायर आतून सुटली आहे. बाकी काहीही दुरुस्त करण्याआधी ती जोडायची.

टप्पा ४: उघडणं

सगळे नॉब सरळ बाहेर ओढा, फिरवून उपटू नका. मागचे, बाजूचे आणि तळाचे स्क्रू काढले की बाहेरचं पत्र्याचं आवरण मागे सरकतं. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे याच वेळी हवेत. आत कापसासारखा पांढरा थर दिसला तर मास्क लावा आणि तो चिवडू नका.

वायरिंग उजव्या हाताला, नॉबच्या मागे असतं. आणि आता फोटो: वरून, बाजूने, प्रत्येक नॉबच्या मागून जवळून. कुठल्या वायरीचा रंग कुठल्या पत्तीवर आहे ते फोटोत वाचता यायला हवं. मग आणखी दोन फोटो घ्या, कारण जो कोन घेतला नाही तोच नंतर लागतो.

*सावधान: दाराची स्प्रिंग काही ओव्हनमध्ये याच बाजूला ताणून अडकवलेली असते. ती हलवू नका, उडून डोळ्याला लागते.*

टप्पा ५: आधी डोळे आणि नाक

मीटर बाजूला ठेवा. रॉडची टोकं ओव्हनच्या भिंतीतून बाहेर येतात, तिथे प्रत्येक वायरीच्या टोकाला चपटा लग बसवलेला असतो. तो तपकिरी-निळा झालाय का? स्लीव्ह (सांध्यावर चढवलेली नळी) कुरकुरीत होऊन गळून पडतेय का? हलकेच ओढला तर हलतो का? जळका वास कुठून येतो?

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुरुस्ती टिकेल. लग थोडा सैल झाला की त्या सांध्यात विरोध वाढतो, विरोधामुळे उष्णता, उष्णतेने लग आणखी सैल. शेवटी तो जळून तुटतो आणि रॉडला करंट जाणं थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की रॉड लाल होत नाही.

इंदूरकडच्या ओटीजीत आणखी एक खूण सापडते: तुपाचा काळा थर. बाट्या जाळीवर थेट ठेवून भाजल्या आणि मध्येच तूप सोडलं की ते खालच्या रॉडवर ठिबकतं, रॉडच्या टोकाकडच्या फटीतून आत झिरपतं आणि सांध्यावर जळून बसतं. बाटीखाली ट्रे ठेवा, तूप बाटी बाहेर काढल्यावर घाला. आणि तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरू नका. ती उष्णता अडवते, रॉडला टेकली तर रॉड तिथेच जास्त तापून जातो.

टप्पा ६: एकेक भाग मोजणं

मीटर बीपच्या खुणेवर. क्रम बाहेरून आत असाच ठेवा: कॉर्ड, थर्मल फ्यूज, टायमर, फंक्शन स्विच, थर्मोस्टॅट, आणि शेवटी रॉड.

कॉर्ड: प्लगच्या पिनेपासून आतल्या टोकापर्यंत बीप. मोजताना कॉर्ड प्लगजवळ आणि ओव्हनमध्ये शिरते तिथे वाकवून बघा. बीप तुटली तर आत तार तुटलेली आहे.

थर्मल फ्यूज असेल तर तो स्लीव्हमध्ये गुंडाळलेली छोटी धातूची नळी असतो. बीप नसेल तर उडाला आहे. तो सहसा आपोआप उडत नाही, ओव्हन जास्त तापला म्हणून उडतो, तेव्हा थर्मोस्टॅटही तपासा. नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपियरचा. *त्याच्या जागी वायरीचा तुकडा जोडू नका.* आग लागण्याआधीचा शेवटचा अडसर तोच आहे.

टायमर: दोन पत्त्यांवर सुया, नॉब फिरवला की बीप, शून्यावर आला की बंद. बीप येते-जाते असं होत असेल तर कॉन्टॅक्ट गेले. टायमर उघडून दुरुस्त करत बसू नका, आतली चाकं परत बसत नाहीत. अख्खा बदला.

फंक्शन स्विचची प्रत्येक स्थिती फोटोशी ताडून बघा.

थर्मोस्टॅट दोन प्रकारचे. लहान ओव्हनमध्ये आतली पट्टी वाकून करंट तोडणारा, मोठ्यांत लांब तांब्याची नळी आणि टोकाला जाड कांडी असलेला. दोन्हींत नॉब वर नेला की बीप यायला हवी. कांडीवाल्यात आधी आत डोकवा: कांडी क्लिपमधून निसटून भिंतीला टेकली असेल तर तापमान चुकतंच, आणि दुरुस्ती म्हणजे फक्त ती परत क्लिपमध्ये बसवणं. नळीला टोकदार बाक देऊ नका. ती चिरली की आतलं द्रव जातं आणि थर्मोस्टॅट निकामी होतो.

आता रॉड. मोजण्याआधी रॉडच्या एका टोकाची वायर काढा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने वाचन देईल. मग दोन्ही टोकांवर मोजा आणि शेजारच्या जोडीदार रॉडशी तुलना करा. जोडीदार ३५ ओहम आणि याचं काहीच नाही, तर आणि तेव्हाच रॉड गेला.

टप्पा ७: जळका लग बदलणं

याच कामात सगळ्यात जास्त चुका होतात. माझी पहिली दुरुस्ती याच जागी फसली होती. मी जळका भाग कापून घरात पडलेली साधी पीव्हीसीची वायर जोडली, वर काळी टेप गुंडाळली. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरात प्लास्टिक जळल्याचा वास आला. टेप वितळून वायर उघडी पडली होती आणि ओव्हनच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर लोंबकळत होती.

म्हणून हे नियम. वायर काचेच्या धाग्याच्या आवरणाची, उष्णता सहन करणारी, १.५ चौरस मिलिमीटरची. लग निकेल चढवलेला किंवा स्टीलचा. सोल्डर नाही: साधं सोल्डर १८० ते १९० अंशांच्या आसपास वितळतं आणि रॉडचं टोक त्याच्या जवळपास सहज जातं. टेप नाही. प्लास्टिकचा टाय नाही.

१. जळकी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळी पडलेली तार लगमध्ये दाबली तर तो पुन्हा जळेल.
२. आधी काचेची स्लीव्ह वायरीवर सरकवा. लग दाबल्यावर ती घालता येत नाही.
३. वायर सोला, लगमध्ये घाला, क्रिम्पिंग पक्कडने दाबा. साध्या पकडीने चेपलेला लग वरून घट्ट वाटतो आणि आतून सैल असतो.
४. जोर लावून ओढून बघा. निसटला तर आत्ताच निसटू दे.
५. रॉडची पत्ती पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, मग लग बसवा. सहज सरकत असेल तर काढा, पक्कडीने त्याच्या कडा किंचित दाबा, परत बसवा. त्याला बसताना जोर लागायला हवा.
६. स्लीव्ह पुढे ओढून सांधा झाका.

पत्ती इतकी जळाली असेल की घासताना तुटते, तर नाइलाजाने रॉड बदलायचा.

टप्पा ८: रॉड बदलणं

महाराणी रोडवर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कितने वॉट का, मॅडम?" आणि आपण ओव्हनवरचा आकडा सांगून मोकळे होतो. तो आकडा अख्ख्या ओव्हनचा असतो, एका रॉडचा नाही. शिवाय बऱ्याच छोट्या ओटीजीत वरचे दोन रॉड एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. तसे असतील तर प्रत्येकाला निम्मंच व्होल्टेज मिळतं आणि रॉडवर ११० किंवा ११५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तिथे २३० व्होल्टचा रॉड बसवला की दोन्ही मंद तापतात, आणि लोक म्हणतात नवा रॉडही खराब निघाला.

म्हणून दुकानात जाताना मेलेला रॉड आणि चालू जोडीदाराचं ओहममधलं वाचन, दोन्ही न्या. नवा रॉड घेण्याआधी तिथेच मीटर लावून मोजायला सांगा. वाचन जोडीदाराइतकं, लांबी तितकीच, टोकाची पत्ती तशीच.

सिरीज ओळखायची खूण: एक रॉड गेला की दोन्ही बंद.

*सावधान: "एक तरी चालू दे" म्हणून सिरीजमधला गेलेला रॉड वायरीने जोडून टाकू नका. उरलेल्या रॉडला दुप्पट व्होल्टेज मिळतं आणि तो चौपट ताकदीने तापतो. रॉड, लग, वायर सगळंच जळतं.*

बसवताना रॉड दोन्हीकडून आवळून टाकू नका. तापल्यावर तो लांब होतो, एका टोकाला थोडी ढील हवी. काचेसारखा क्वार्ट्झ रॉड असेल तर उघड्या हाताने धरू नका, बोटांच्या तेलाचा डाग तापून काच तडकू शकते. कापडाने धरा.

टप्पा ९: पावसाळ्यानंतर ट्रिप होणारा ओव्हन

जूनपासून माळ्यावर ठेवलेला ओटीजी ऑक्टोबरात काढला, लावला, आणि लगेच आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडला. धातूच्या रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. ओली पूड करंट बॉडीकडे जाऊ देते. रॉड गेलेला नसतो, फक्त ओला असतो.

आवरण काढून ओव्हन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, रोज संध्याकाळी घरात घ्या. मग तिसऱ्या टप्प्यातली मेगओहमची तपासणी पुन्हा करा. वाचन नाहीसं झालं तर आवरण परत बसवून ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर अर्धा तास रिकामा चालवा. वाचन तसंच राहिलं तर रॉडच्या वायरी एकेक सोडवत प्रत्येक रॉड बॉडीशी मोजा. जो गळतो तो बदला.

आता जे लोक यावर करतात ते सांगते, कारण ते पाहून मी अस्वस्थ होते. एका काकूंचा ओव्हन असाच ट्रिप होत होता. त्या म्हणाल्या, "अगं, आता काही त्रास नाही, त्या माणसाने तिसरी पिनच काढून दिली." ओव्हन चालत होता, पण दाराच्या कडेला ओला हात लागला की त्यांना झिणझिण्या येत. मी तिथल्या तिथे प्लग काढायला लावला. अर्थ काढल्याने गळती थांबत नाही. गळतीमुळे पत्र्यावर व्होल्टेज येतं आणि करंट तुमच्या हातातून, ओल्या फरशीवरून जमिनीत जातो. घरात आरसीसीबी नसेल तर नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका. एमसीबी शॉर्ट आणि जास्त भार ओळखतो, माणसाला बसणारा झटका ओळखत नाही. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, हे काम ओव्हनच्या आधी करा.

टप्पा १०: आवरण घालण्याआधी

फोटोशी ताडून प्रत्येक वायर बघा. हिरव्या-पिवळ्या अर्थच्या वायरीचा स्क्रू आवळा, खाली रंग किंवा गंज असेल तर घासून काढा. कोणतीही वायर ओव्हनच्या आतल्या भिंतीला टेकायला नको. गरज पडली तर काचेच्या स्लीव्हच्या तुकड्याने बांधा. मग आवरण, मग तिसऱ्या टप्प्यातली तिन्ही मोजमापं पुन्हा, आवरण घातल्यानंतर. आवरण सरकवतानाच वायर चेपली जाते, म्हणून आधीचं वाचन धरायचं नाही.

*तपासणी: फेज-न्यूट्रल आकडा जुळला, अर्थकडे गळती नाही, अर्थ पिन ते बॉडी एक ओहमच्या आत. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी प्लग लावायचा नाही.*

टप्पा ११: पहिल्यांदा चालू करणं

कोरडी चप्पल, कोरडे हात, खिडकी उघडी. आजूबाजूला प्लास्टिक, पडदा नाही. आधी नॉब हव्या त्या आकड्यांवर लावा, प्लग घाला, मग स्विच दाबा, म्हणजे चालू करताना ओव्हनला हात लावावा लागत नाही. पहिली पाच मिनिटं तिथेच उभं राहा. नव्या रॉडवरच्या तेलाचा थोडा धूर येतो, तो चालतो. प्लास्टिकचा वास चालत नाही. वीस मिनिटांनी बंद करून प्लग काढा आणि प्लगची बॉडी हाताने बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायचं.

टप्पा १२: तापमान खरं आहे का?

ओव्हनमध्ये ठेवायचं थर्मामीटर मिळालं तर उत्तम. जाळीच्या मध्यावर ठेवा, १८० वर लावा, अर्धा तास जाऊ दे, मग रॉड लागताना आणि बंद होताना तीन-चार वेळा आकडा लिहा आणि त्यांची सरासरी काढा. एकाच वाचनावर जाऊ नका, ओटीजीत तापमान वर-खाली होतच असतं.

थर्मामीटर नसेल तर साखर. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. वाटीत चमचाभर कोरडी साखर ठेवून आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा: वितळायला नको. नवी साखर घेऊन १९० वर पंधरा मिनिटं: वितळायला हवी. पहिल्यातच वितळली तर ओव्हन लावल्यापेक्षा जास्त तापतो, दुसऱ्यातही वितळली नाही तर कमी.

दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर काही उघडू नका. नॉबशेजारी चिठ्ठी लावा: "१८० हवं तर १९० वर." मी माझ्या जुन्या ओव्हनवर अशीच चिठ्ठी लावून बेकिंग केलं आहे. फरक त्याहून मोठा असेल तर थर्मोस्टॅट बदला, पण जुना सोबत नेऊन. दांड्याचा आकार, कमाल तापमान आणि नॉब किती फिरतो हे तिन्ही जुळलं नाही तर पॅनेलवरचे आकडे खोटे ठरतील.

दाराचं एकच बघायचं. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना थोडी अडायला हवी. एका कोपऱ्यात सहज निघाली तर बिजागरीचे स्क्रू आवळा. तापलेल्या काचेला ओलं फडकं लावू नका.

आठ-दहा वेळा वापरून झाल्यावर ओव्हन एकदा पुन्हा उघडा, प्लग काढून आणि थंड झाल्यावर. नवे लग ओढून बघा, रंग बदलला आहे का बघा. बदलला असेल तर सांधा सैल बसलाय, सातवा टप्पा पुन्हा करा. बदलला नसेल तर मार्करने आवरणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि काय बदललं ते लिहा, आणि आवरण लावा.